रोलिंग मिलमधलं वायफाय सारखं तुटायलंय, 865 मेगाहर्ट्झवालं लोरा घ्यावं का?

जालना_मेंटेनन्स

मंडळी, जालना एमआयडीसीत आमची सळईची मिल आहे. इंडक्शन भट्टी, पुढं रोलिंग, आणि शेडच्या मागं पंपहाउस, कूलिंग टॉवर. कंट्रोल केबिनपासून पंपहाउस साधारण 180 मीटर. मधल्या पट्ट्यात भंगाराचे ट्रक उभे राहतात, तिथंच जेसीबी फिरतो. केबल टिकतच नाही. जमिनीतून नेली तर जेसीबीनं उपटली, ट्रेमधून नेली तर उंदरांनी खाल्ली.

म्हणून टाकीची लेव्हल, पाण्याचं प्रेशर आणि दोन पंपांच्या बेअरिंगचं तापमान वायफायवर घेतलं. ईएसपी32 चे (वायफाय असलेले छोटे कंट्रोलर) दोन बोर्ड, केबिनच्या खिडकीत राउटर. सुरुवातीला मस्त चाललं. आता मधेच स्क्रीनवरचे आकडे गोठतात. सकाळी ट्रकची रांग लागली की हमखास. आणि एक गंमत बघा, एका पॅनेलचं दार उघडं ठेवलं की आकडे येतात, लावलं की गायब.

मालक म्हणायलेत, भट्टीच्या लहरी वायफाय मारायल्यात, लोरा (कमी वेगाचा, लांब पल्ल्याचा रेडिओ) घ्या. घ्यावं का? पुढं प्रेशर पडलं की भट्टी आपोआप बंद करायचंय, तेबी ह्याच्यावरच.

वाळूज_इन्स्ट्रुमेंट

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण बाकीचं थांबू शकतं. भट्टी बंद करायचा सिग्नल हवेतून न्यायचा नाही. लोरावर नाही, वायफायवर नाही, लाखभराच्या सिस्टिमवरही नाही. भट्टीची कॉइल गार ठेवणारं पाणी थांबल्यावर विचार करायला वेळ नसतो, आणि नेमका तेव्हाच निरोप अडकला तर? फ्लो स्विच भट्टीजवळच, कॉइलच्या पाण्याच्या लाइनवर बसवा आणि वायर थेट भट्टीच्या इंटरलॉकला (गडबड झाली की भट्टी आपोआप थांबवणारं सर्किट) द्या. पाणी चालू असताना कॉन्टॅक्ट जोडलेला, म्हणजे वायर तुटली तरी भट्टी थांबते. त्यासाठी 180 मीटर जायचं कारणच काय?

आता मालकांच्या लहरी. इंडक्शन भट्टी चालते काही शे हर्ट्झवर, वायफाय 2,400 मेगाहर्ट्झवर. भट्टी हवेतून वायफाय दाबते हे सहसा खरं नसतं. तिची घाण येते सप्लायमधून आणि अर्थिंगमधून. पंपाचा कॉन्टॅक्टर (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) सुटला की कॉइलचा झटका त्याच फेजवरच्या स्वस्त एसएमपीएसला (बोर्डाला डीसी सप्लाय देणारा) बसतो आणि बोर्ड रिसेट होतो. ईएसपी32 पाठवताना काही शे मिलिअँपिअर झटक्यात ओढतो, व्होल्टेज जरा दबलं की तो स्वतःच रिसेट मारतो. स्क्रीनवर दोन्ही दुखणी सारखीच दिसतात.

त्यामुळं काही विकत घेण्याआधी एवढं करा. प्रत्येक निरोपात दोन आकडे जादा पाठवा: बोर्ड चालू होऊन किती सेकंद झाले, आणि सिग्नलची ताकद. आकडे गोठून परत आले आणि सेकंद शून्यापासून मोजायला लागलेले दिसले, तर दोष सप्लायचा. सेकंद पुढंच पळत असतील तर दोष रेडिओचा. भट्टीला शिव्या त्यानंतर.

अँटेना_ताई_नांदेड

दाराचं कोडं सोपं आहे भाऊ. ईएसपी32 चा अँटेना म्हणजे बोर्डाच्या टोकावरची ती नागमोडी रेघ. ती पत्र्याच्या पेटीत कोंडली तर लहर बाहेर येणार कुठून? दाराच्या फटीतून आणि केबलच्या भोकातून जेवढी निसटते तेवढ्यावर तुमचं चाललंय. बाहेरच्या अँटेनाचं सॉकेट असलेला बोर्ड घ्या, अँटेना पेटीबाहेर काढा. पत्र्याला चिकटवून मात्र लावू नका, थोडा दूर ठेवा.

ट्रकचं दुखणं वेगळं. नुसती नजर आरपार गेली म्हणून भागत नाही, त्या रेषेभोवती फुगीर जागा मोकळी लागते. 180 मीटरवर 866 मेगाहर्ट्झला मध्यावर साधारण 4 मीटर, वायफायला अडीच मीटरच्या आत. म्हणजे 865 वर जागा उलट जास्त लागते! पण लांब लहर अडथळ्याला वळसा चांगला घालते आणि लोराचा रिसीव्हर फार क्षीण सिग्नलही ओळखतो, म्हणून तो निभावून नेतो. काहीही घेतलंत तरी खिडकीतला राउटर तिथून हलवा. दोन्ही टोकं भंगार भरलेल्या ट्रकच्या बरीच वर पाहिजेत.

गाळप_शिफ्ट_सी

लातूरकडचा साखर कारखाना. स्प्रे पाँडच्या पंपांना लोरा लावलंय, हंगामभर त्रास नाही. लेव्हल आणि तापमानाला मिनिटाला एक आकडा भरपूर झाला, टाकी काय मिनिटात रिकामी होत नाही.

घेताना एक बघा. ऑनलाइन मिळणारी बरीच मॉड्यूल युरोपच्या सेटिंगवर येतात, 868.1 वगैरे. आपल्याकडं 2005 पासून 865 ते 867 हा पट्टा बिनपरवाना आहे, 2021 ला तो 868 पर्यंत वाढवला. भारताच्या प्लॅनमधले तीन ठरलेले चॅनेल 865.0625, 865.4025 आणि 865.985. गेटवे (निरोप घेणारा) आणि नोड (सेन्सरकडचा) दोन्ही त्यावर आणा. मॉड्यूलला ईटीए (रेडिओ उपकरणाची सरकारी मान्यता) मंजुरी आहे का तेही दुकानदाराला विचारा, बहुतेक जण आधी तोंडच बघतात.

आणि रेंज कमी वाटली की लोक सरळ एसएफ12 करून टाकतात (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, आकडा मोठा तितकी रेंज जास्त, वेग कमी). तसं करू नका. एसएफ7 ला छोटा निरोप 60 मिलिसेकंदांच्या आसपास संपतो, एसएफ12 ला तोच सेकंदाहून जास्त वेळ हवेत राहतो. नोड वाढले की एकमेकांवर आदळतात. 180 मीटरला एसएफ7 नाहीतर 8 वर भागलं पाहिजे. नाही भागलं तर अँटेना बघा.

फायबरच_बरा

सगळे हवेत गेले! आरएस-485 (दोन वायरींवरचं डेटा कनेक्शन) संथ स्पीडला 1,200 मीटर जातं. केबल उपटली जाते म्हणून रेडिओ? जीआय पाइपमधून वरून न्या. अर्थिंगची भीती असेल तर फायबर टाका, काचेतून करंट येत नाही.

जालना_मेंटेनन्स

फायबरवाले दादा, वरून नेलेली केबल क्रेनच्या बाजूला धगीनं कडक होऊन तडकली होती, मालक आता केबलचं नावबी काढू देईनात.

वाळूजच्या साहेबांनी सांगितलं तसं सेकंद पाठवून बघितले. दोन बोर्ड, दोन वेगळे आजार. दारवाल्याचे सेकंद पळतच राहतात, सिग्नल मात्र उणे 88 डीबीएमच्या खाली, म्हणजे क्षीण. दुसरा बोर्ड, पंप नंबर दोन बंद केला की शून्यावर, दर वेळी. भट्टी चालू असो का बंद.

फ्लो स्विचचं मालकांना पटलं, वायरिंग पुढच्या शटडाउनला. आता दुसऱ्या बोर्डाला काय करू? आणि पंपहाउसचा अँटेना कूलिंग टॉवरवर चढवला तर चालतंय का?

वाळूज_इन्स्ट्रुमेंट

पंप नंबर दोनच्या कॉन्टॅक्टर कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषून घेणारा पार्ट) टाका, कॉइलच्या व्होल्टेजचा बघून. एसएमपीएस बऱ्यापैकी घ्या आणि त्याचा फीड कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवरून न घेता वेगळा काढा. बोर्डाच्या सप्लाय पिनांपाशी 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही द्या.

टॉवरवर नको. तिथं सतत तुषार, कनेक्टर हिरवे पडतील. शिवाय सगळ्यात उंच टोकावर अँटेना म्हणजे वळवाच्या विजेला आमंत्रण. पंपहाउसच्या भिंतीला पाइप ठोका, टॉवरच्या माथ्यापेक्षा खाली पण ट्रकच्या वर, आणि केबल आत शिरते तिथं सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) लावून तो अर्थला जोडा. एवढं करून आधी वायफायच चालवून बघा, लोराचे पैसे नंतर.

जालना_मेंटेनन्स

स्नबर आज मागवला. पाइप वेल्डरला सांगितलाय.