चवथीनंतरची गेम स्पर्धा आणि खऱ्या नावाचा रकाना

ए-१०१ (सचिव): नमस्कार सोसायटीच्या मंडळी. गणपतीची चवथ आटोपून लोक गावाहून परतले की त्या रविवारी मुलांची बीजीएमआय (मोबाइलवरचा ऑनलाइन नेमबाजीचा गेम) स्पर्धा. फॉर्मची लिंक वर टाकली आहे. पूर्ण नाव, फ्लॅट, शाळा, इयत्ता, पालकांचा मोबाइल आणि वयासाठी आधारचा फोटो. प्रवेश फी १०० रुपये, पहिले बक्षीस रोख २,०००. महत्त्वाचे म्हणजे गेममधले नाव बदलून स्वतःचे खरे नाव ठेवायचे. 'डेव्हिल' आणि 'किलर' बनून मुले शिव्या घालतात. नाव उघड असले की तोंड आवरते.

बी-३०२: सचिवसाहेब, समितीला मुलाचे नाव माहीत असावे हे पटते. पण गेमच्या पडद्यावर ते कशाला? तुमचा फॉर्म चार माणसे बघणार. गेममधले नाव मात्र स्पर्धा संपल्यावरही खात्याला चिकटून राहते, आणि दुसऱ्या दिवशी अनोळखी शंभर जणांच्या मॅचमध्ये तेच झळकते. परत बदलायला रिनेम कार्ड लागते. शिवाय कोणी ना कोणी स्क्रीन रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतो. कोणी कोणाला मारले ते नावानिशी कोपऱ्यात येत असते, ते व्हिडिओतून पुसणार कसे?

ए-१०१: अहो, पण नुसते नाव बघून कोणी काय करणार?

बी-३०२: आपण पूर्ण नाव कसे लिहितो ते बघा. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. म्हणजे मुलाबरोबर बापाचेही नाव दिले. मतदारयाद्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर खुल्या असतात. त्यात मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय आणि घर क्रमांक. गोव्यात ४० मतदारसंघ, एकेकात साधारण पंचवीस-तीस हजार मतदार. मुंबईत एका नावाची पन्नास माणसे सापडतील, इथे आडनाव आणि गाव कळले की वाड्यापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. त्यात चवथीला कोण मूळ घरी गेला आणि कोणाचा फ्लॅट पाच दिवस बंद, हे मुलेच चॅटमध्ये बोलून टाकतात.

ए-४०३: आणि मुलींचे काय? खऱ्या नावावरून मुलगी आहे हे कळले की अनोळखी लोकांच्या फ्रेंड रिक्वेस्ट आणि घाणेरडे मेसेज सुरू होतात. बऱ्याच मुली मुद्दाम मुलगा की मुलगी हे न कळणारे नाव घेतात. तो पडदा आपणच काढायचा का?

सी-२०४: हा प्रयोग मोठ्या कंपनीने करून झाला आहे. जुलै २०१० मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने जाहीर केले की त्यांच्या अधिकृत चर्चामंचावर यापुढे खऱ्या नाव-आडनावाने लिहावे लागेल. कारण तेच, भांडणे आणि शिवीगाळ थांबावी. यात धोका नाही हे दाखवायला त्यांच्याच एका कर्मचाऱ्याने आपले खरे नाव लिहिले. लोकांनी थोड्याच वेळात त्याचा पत्ता आणि फोन शोधून तिथेच टाकला! घोषणा ६ तारखेची, माघार ९ तारखेला. पुढे त्यांनी बॅटलटॅग आणला. हवे ते टोपणनाव आणि मागे आकडे, खरे नाव फक्त कंपनीकडे.

ए-१०१: ती अमेरिकेची गोष्ट. सरकारनेच सक्ती केली तर?

सी-२०४: तेही झाले. दक्षिण कोरियात २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खरी ओळख पटवणे सक्तीचे होते. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या संकेतस्थळाची सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने एकमताने ती सक्ती रद्द केली. बेकायदा मजकूर त्यामुळे लक्षणीय कमी झाल्याचा पुरावाच नव्हता.

डी-१०२: आधारचा फोटो तर आधी काढा. गूगल फॉर्ममध्ये फाइल मागितली की ती फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसते, आणि तिथे कोणाला प्रवेश दिला आहे ते वर्षभराने कोणालाच आठवत नाही. मास्क्ड आधार म्हणाल, तर त्यात फक्त पहिले ८ आकडे झाकतात. नाव, फोटो, जन्मतारीख, पत्ता सगळे तसेच. २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपच्या एका बाहेरच्या सेवा पुरवठादाराकडून सुमारे ७०,००० जणांच्या ओळखपत्रांचे फोटो उघड झाल्याची शक्यता कंपनीनेच सांगितली, आणि तीही वय पडताळायलाच घेतलेली होती. वय बघायचे तर पालकांनी टेबलावर कार्ड दाखवावे, समितीने जन्मसाल बघून परत द्यावे. कॉपी नको.

आणि सचिवकाका, फॉर्मची सेटिंग आत्ताच बघा. 'उत्तरांचा सारांश दाखवा' असा पर्याय सुरू असेल तर फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला बाकीच्यांची उत्तरे दिसतात.

ए-१०१: बघतो... सुरू होता. बंद केला 🙏

डी-१०२: जोडलेली शीटही बघा. 'लिंक असलेल्या कोणालाही' असेल तर तुमचे आणि खजिनदारांचे ईमेल सोडून बंद करा. नंतर पुसताना लक्षात ठेवा, फॉर्ममधली उत्तरे पुसली तरी शीटमधली राहतात. दोन्हीकडून पुसावी लागतात. शाळा आणि इयत्ता कशाला हवी?

ए-१०१: सवय हो. काढतो. पण शिव्यांचे काय? माझा मूळ प्रश्न तोच आहे.

बी-३०२: त्याला नाव लागतच नाही. प्रोफाइल उघडली की आकड्यांचा आयडी दिसतो. नाव दहा वेळा बदलले तरी तो तोच राहतो. फॉर्ममध्ये हा आयडी घ्या आणि समितीकडे एक यादी ठेवा, आयडीसमोर फ्लॅट. स्पर्धेसाठी गेममध्ये जी खासगी रूम बनवू, तीत यादीत नसलेला आयडी दिसला की रूम बनवणाऱ्याने त्याला बाहेर काढायचे. शिवी ऐकली की स्क्रीनशॉट, आयडी जुळवा, पालकांना फोन. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा बाद. रूमचा पासवर्ड १५ मिनिटे आधी आणि फक्त पालकांना. व्हॉइस 'टीम'वर ठेवायला सांगा, 'ऑल'वर नको. अर्थात माइक चालू असताना आई मागून पूर्ण नावाने हाक मारते, त्यावर सेटिंग नाही 😄

ए-४०३: टोपणनावेही तपासा. अर्ध्या मुलांच्या टोपणनावातच आडनाव आणि जन्मसाल असते, किंवा तेच नाव इन्स्टाग्रामवर. तिथे फोटो, शाळेचा युनिफॉर्म सगळे. असल्यांनाच बदलायला सांगा.

ए-३०१ (खजिनदार): १०० रुपये यूपीआयने घेऊ ना?

सी-२०४: फीच नको. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळलेला खेळ 'मनी गेम' ठरतो, कौशल्याचा असला तरी. ई-स्पोर्ट्सला सूट आहे, पण त्याला मान्यता आणि नोंदणी लागते, ती आपल्याकडे कुठली? आयोजकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. १०० रुपयांसाठी कशाला? सांस्कृतिक निधीतून तीन ट्रॉफ्या घ्या. शिवाय यूपीआयने पैसे आले की भरणाऱ्याचे बँकेतले नाव दिसते, पुष्कळांच्या आयडीत तर मोबाइल क्रमांकच असतो.

ए-३०१: मग ट्रॉफ्या. फोंड्याच्या बाजारात विचारतो.

ए-१०१: नवा फॉर्म असा: पालकाचे नाव, फ्लॅट, पालकांचा मोबाइल, गेमचा आकडी आयडी, १४ वर्षांखाली की वर, आणि पालकांची परवानगी. बस. बक्षीस समारंभात नाव पुकारले तर चालेल ना? तो तर आपल्याच हॉलमध्ये.

ए-४०३: हॉलमध्ये चालेल. फोटो फेसबुकवर टाकताना पालकांना विचारा.

डी-१०२: आणि जुन्या फॉर्मवर कालपासून आलेली उत्तरे? दोन्हीकडून पुसली का?

ए-१०१: अकरा होती. फॉर्ममधून गेली. शीट उघडतो थांबा.