मदत हवी आहे: प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यांत) हरलेली मायामी हीट फायनलला पोचली कशी? (२०२२-२३)

क्रिकेटवाला_बाबा

मंडळी, घरात माझी पंचाईत झाली आहे. मुलगी तेरा वर्षांची, शाळेच्या बास्केटबॉल संघात गार्ड खेळते. सुट्टीत आम्ही दोघं एनबीएचे (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे) जुने सामने बघत बसतो. सध्या २०२२-२३ ची मायामी हीट लावली आहे. अटलांटाविरुद्धचा प्ले-इन सामना हीट स्वतःच्या कोर्टवर ११६-१०५ असा हरली. मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, "संपलं यांचं." आणि यादीत खाली बघतो तर हेच लोक मिलवॉकीशी प्लेऑफ खेळताहेत!

"बाबा, हरलेली टीम पुढे कशी गेली?" माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरं असं, की साखळीत ८२ पैकी ४४ जिंकलेले, ३८ हरलेले, आणि गुण करण्यात तीस संघांत शेवटचा नंबर. असा संघ थेट फायनल खेळतो, तर त्या ८२ सामन्यांना अर्थ काय राहिला? लेकीचं म्हणणं, नुसतं नशीब. माझं म्हणणं, त्यांचा हुकमी खेळाडू जिमी बटलर. कोण बरोबर?

शिवाय सगळे सामने बघण्याइतकी सुट्टी उरलेली नाही. कोणते अख्खे बघू? तिला शेवट माहीत नाही, पण ती इथे फिरकत नाही. निकाल बिनधास्त लिहा.

बेंचवरचा

अहो, आयपीएलमध्ये पहिली क्वालिफायर हरलेल्या संघाला दुसरी संधी मिळते ना? त्याच जातीचा प्रकार. प्रत्येक विभागातला सातवा आणि आठवा संघ खेळतात, जिंकेल तो सातव्या क्रमांकाने प्लेऑफमध्ये. नववा आणि दहावा खेळतात, हरेल तो घरी. मग पहिल्या सामन्यात हरलेला आणि दुसऱ्यात जिंकलेला यांची गाठ पडते, आठव्या जागेसाठी. हीट सातवी होती म्हणून तिला हरूनही आणखी एक सामना मिळाला. त्या ४४ विजयांचा पहिला उपयोग इथेच झाला बघा. नवव्या नंबरवर असते तर खेळ खल्लास.

तो दुसरा सामना शिकागोशी. शेवटची तीन-चार मिनिटं राहिली तेव्हा हीट ८७-९० अशी मागे होती. तिथून पुढे हीटचे १५ गुण, शिकागोचा १. निकाल १०२-९१. बटलरचे ३१ आणि मॅक्स स्ट्रसचेही ३१.

जाता जाता: शिकागोने त्याआधी टोरोंटोला हरवलं तो सामना लेकीला जरूर दाखवा. टोरोंटोचा खेळाडू फ्री थ्रोला (फाउलनंतरच्या मोकळ्या फेकीला) उभा राहिला, की शिकागोच्या डेरोझनची छोटी मुलगी प्रेक्षकांतून किंचाळायची. टोरोंटोने ३६ पैकी १८ चुकवले!

गणिती_काकू

यांना सुमार म्हणण्याआधी एक वर्ष मागे जा. २०२१-२२ मध्ये जवळजवळ हाच संघ ५३ सामने जिंकून पूर्व विभागात पहिला होता, आणि थ्रीच्या (लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या बास्केटच्या) टक्केवारीत अख्ख्या लीगमध्ये अव्वल होता, ३७.९. पुढच्या वर्षी तीच टक्केवारी ३४.४ वर आली आणि सगळं गाडं घसरलं. नेमबाज बरेचसे तेच, प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्राच. प्लेऑफमध्ये थ्री पुन्हा पडायला लागले. त्याला चमत्कार म्हणायचं की हात ताळ्यावर येणं?

आणखी एक आकडा. साखळीत हीटने सरासरी १०९.५ गुण केले आणि १०९.८ दिले. म्हणजे गुणांच्या हिशोबात तोट्यात, तरी विजय पराजयांपेक्षा सहा जास्त. हे कधी होतं? अटीतटीचे सामने भरपूर खेळलात आणि त्यातले जास्त जिंकलात तर. वर्षभर ही मंडळी शेवटच्या दोन मिनिटांत राहायची सवय करत होती. त्यात यांच्याइतका झोन डिफेन्स (एकेका खेळाडूमागे न लागता जागा राखायचा बचाव) त्या मोसमात कुणी खेळलं नाही. प्लेऑफच्या मालिकेत (सातपैकी चार जिंकायचे) समोरच्याला रोज नवं कोडं.

आठव्या_रांगेतून

काकू, आकडे मान्य. पण पोरगी अगदीच चुकीची नाही. मिलवॉकी ५८-२४, लीगमधला सर्वोत्तम संघ. पहिल्याच सामन्यात त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू यानिस पाठीवर आपटला आणि पुढचे दोन सामने बाहेर. बॉस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात सुरुवातीलाच त्यांच्या टेटमचा घोटा मुरगळला आणि बॉस्टनचे ४२ पैकी ९ थ्री पडले. याला नशीब नाही तर काय म्हणायचं?

बेंचवरचा

ज्या सामन्यात यानिस पडला त्याच सामन्यात हीटच्या टायलर हिरोचा हात मोडला. तो थेट फायनलच्या शेवटच्या सामन्यात परत आला, तेही थोड्या मिनिटांसाठी. तिसऱ्या सामन्यात हीटच्याच ओलाडिपोचा गुडघा गेला. आणि यानिस चौथ्या-पाचव्या सामन्यात खेळला की! दोन्ही हरले. चौथ्यात बटलरचे ५६, पाचव्यात ४२.

लेक गार्ड आहे ना? मग तिला बटलर सोडून गेब व्हिन्सेंट बघायला सांगा. तो, स्ट्रस, केलेब मार्टिन, डंकन रॉबिन्सन, चौघांनाही ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कुणी विचारलं नव्हतं. बॉस्टनच्या सातव्या सामन्यात मार्टिनने २६ केले.

बघायचे कोणते? मिलवॉकीचा चौथा आणि पाचवा, सलग. निक्सची मालिका (४-२) हायलाइट्सवर उरका, रटाळ आहे. बॉस्टनचा सहावा सोडाल तर धागा काढल्याचा उपयोग नाही. फायनल ४-१ अशी डेन्व्हरने जिंकली, त्यांचं पहिलंच विजेतेपद. तिथे डेन्व्हरचा योकिच समोर आला आणि झोनचं कोडं सुटलं. त्यातला फक्त दुसरा बघा, हीट तिथे १११-१०८ जिंकली.

क्रिकेटवाला_बाबा

सगळ्यांचे आभार. काल मिलवॉकीचा पाचवा सामना बघून झाला. शेवटच्या क्वार्टरला हीट १६ ने मागे, म्हणून मी आवराआवर करायला उठलो. पोरीने हात धरून बसवलं. व्हिन्सेंटने बाहेरून उंच टाकलेला बॉल बटलरने हवेतच पकडला, पडता पडता सोडला, ११८-११८, घड्याळात अर्धा सेकंद. तिने ते सहा वेळा मागे नेऊन बघितलं. ओव्हरटाइममध्ये १२८-१२६.

नंतर तिने आकडे काढले: यानिसचे २३ पैकी १० फ्री थ्रो. "तेरा चुकवले आणि दोनने हरले. आता कुणाचं नशीब काढायचं?" मी गप्प. पण ती विचारते, शेवटी मिलवॉकीकडे टाइमआउट शिल्लक होते, मग प्रशिक्षकाने घेतले का नाहीत?

गणिती_काकू

हा प्रश्न अख्ख्या मिलवॉकीने विचारला. आठवड्याभराने त्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. तुमची लेक गार्डपेक्षा प्रशिक्षक होईल असं दिसतंय.

क्रिकेटवाला_बाबा

तिला सांगतो. आता शनिवारी बॉस्टनचा सहावा. मी गुपचूप शेवट बघून ठेवला आहे. तीन सेकंद राहिलेले, बटलरचे तिन्ही फ्री थ्रो पडतात, हीट १०३-१०२. ती आता उड्या मारणार. आणि ०.१ सेकंद असताना बॉस्टनचा तो डेरिक व्हाइट बॉल आत ढकलतो, हीट हरते. मला ते तिच्याबरोबर बघवणार नाही. पाणी आणायच्या निमित्ताने उठू का?

आठव्या_रांगेतून

अजिबात उठू नका. स्क्रीनकडे नाही, पोरीच्या तोंडाकडे बघा. आणि सातवा सामना त्याच रात्री लावून द्या, नाहीतर झोपायची नाही ती.