शेंगपेंड घातल्यावर वजन का थांबलं?

दादा, सोयापेंड महागली म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात निम्मी शेंगपेंड घातली, खाद्यातलं प्रोटीन २२ टक्केच ठेवलं, तरी पक्षी वजन धरत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते घोटाळा त्या २२ च्या आकड्यातच आहे. कोंबडीला प्रोटीन लागत नाही, प्रोटीन ज्यांपासून बनतं ती अमिनो आम्लं लागतात. शेंगपेंडीत लायसिन हे अमिनो आम्ल सोयापेंडीपेक्षा बरंच कमी, मिथिओनिन हे दुसरंही कमी. जे सगळ्यात कमी पडतं तिथंच मांस बनणं अडतं. उरलेल्या प्रोटीनचं युरिक आम्ल होऊन बाहेर पडतं, पक्षी पाणी जास्त पितात, खाली अंथरलेलं तूस ओलं होतं आणि शेडमध्ये अमोनिया डोळ्यांना झोंबायला लागतो. हे तुमच्याकडे होतंय का, आधी बघा.

मका-सोयाच्या खाद्यात पहिली तूट मिथिओनिनची, मग लायसिन, मग थ्रिओनिन. तुमच्या मिश्रणात मात्र लायसिनची तूट आणखी वाढली असणार. पिल्लांच्या पहिल्या दहा दिवसांत खाद्यात पचणारं लायसिन साधारण १.२ ते १.३ टक्के हवं. मिथिओनिन आणि सिस्टिन मिळून त्याच्या पाऊणपट. तूट भरायला अमिनो आम्लांची पावडर घालताना लक्षात ठेवा, लायसिन हायड्रोक्लोराइड या पावडरीत लायसिन ७८ टक्केच असतं आणि सोबत क्लोराइड येतं, जे मिठातही असतं, म्हणून मिठाचा हिशोब पुन्हा करा. मिथिओनिन अंदाजानं ओतू नका, जास्त झालं तर पक्षी खाणंच कमी करतात. आणि हो, शेंगपेंडीची अफ्लाटॉक्सिन तपासणी केलीत का? नसेल तर पावडर विकत घेण्याआधी ती करा. बुरशीचं विष असेल तर कितीही लायसिन घालून वजन येणार नाही.