टनेजपेक्षा आधी स्क्रू-बॅरल बघा

ठिबक सिंचनाचे प्लास्टिक कनेक्टर काढायला १२० टनी जुनं इंजेक्शन मोल्डिंग मशीन घ्यायचं म्हणताय, आणि आतापर्यंत सगळी चर्चा टनेज (साचा बंद धरणारा जोर) आणि किमतीवरच झाली. भाऊ, ते महत्त्वाचं आहेच, पण माझं ऐकाल तर आधी स्क्रू-बॅरल बघा, म्हणजे प्लास्टिक वितळवून साच्यात ढकलणारा स्क्रू आणि त्याची नळी. मोठा खर्च तिथेच निघतो.

थंड मशीन चालवून दाखवलं म्हणून सौदा करू नका. तुमचा मोल्ड (साचा) आणि तुमचाच प्लास्टिकचा दाणा घेऊन जा. इंजेक्शन झाल्यावर होल्डिंग प्रेशर (साच्यातला माल दाबून धरणारा दाब) चालू असताना स्क्रूवर नजर ठेवा. पुढे थोडा माल शिल्लक ठेवून तो थांबला तर ठीक. हळूहळू शून्याकडे सरकतच राहिला, तर चेक रिंग (माल मागे येऊ न देणारी स्क्रूच्या टोकाची रिंग) किंवा बॅरल झिजलंय. मग एक नग भरलेला, दुसरा अर्धवट, असंच चालणार. मशीनच्या पाटीवरचं शॉट वजन (एका वेळी किती माल सोडतं ते) बहुधा पॉलिस्टायरीनचं असतं, पीपीला (पॉलिप्रॉपिलीनला) १०० चे ८० ग्रॅमच धरा.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. हायड्रॉलिक ऑइल ५५ अंशांच्या वर राहिलं की ते पातळ होतं, प्रेशर टिकत नाही, सील लवकर जातात. ऑइल कूलर उघडायला लावा. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या मशीनच्या कूलरच्या नळ्यांत पांढरा क्षार घट्ट बसलेला असतो, मग ऑइल नीट थंड होत नाही. ट्रायल भर दुपारी घ्या, सलग दोन-तीन तास.

टाय बारवर (साच्याची प्लेट ज्यांवर सरकते त्या दांड्यांवर) एका बाजूलाच ओरखडे दिसले तर प्लेट तिरकी चालतेय, तिथे भाव पाडून बोला.