एससीआर पोर्टजवळ आल्यावर आपोआप बंद, हे चालतं का? (नॉक्स, क्लास टू ओरल्स)

कोकणी_थर्ड:
मंडळी, क्लास टू ओरल्सची (मरीन इंजिनिअरच्या परवान्याची तोंडी परीक्षा) तयारी चालूय. मागच्या अटेम्प्टला परीक्षा घेणाऱ्या सर्व्हेअर सरांनी नॉक्सवर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड) धरलं, मी टिअर वन टू थ्री (नॉक्सच्या मर्यादेचे टप्पे), १७, १४.४, ३.४ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास असं पाढे म्हटल्यासारखं धडाधड म्हणून दाखवलं, तर म्हणाले आकडे पाठ आहेत छान, आता सांग सल्फरसारखं नुसतं इंधन बदलून नॉक्स का कमी होत नाही. तिथेच दांडी गुल. दुसरं म्हणजे मागच्या शिपवर टू स्ट्रोक मेन इंजिनला टर्बोच्या आधी एससीआर (धुरात युरिया फवारून नॉक्स मारणारी यंत्रणा) होतं, बाल्टिकमध्ये शिरताना चालू करायचो, पण पायलट चढला आणि आरपीएम उतरले की थोड्या वेळाने बायपास उघडायचा (धूर एससीआरला वळसा घालून जायचा) आणि युरिया बंद. सेकंद (सेकंड इंजिनिअर) म्हणाला असंच असतं. म्हणजे जिथे माणसं राहतात तिथेच बंद? हे कायद्यात बसतं का?

जुना_चीफ:
पहिल्यांदा पहिलं. सल्फर इंधनातून येतं, इंधन बदललं की गेलं. नॉक्समधला नायट्रोजन मुख्यतः हवेतला रे, स्कॅव्हेंजमधून (सिलिंडरला हवा पुरवणारी वाट) जी हवा ओढतोस तिच्यात ७८ टक्के तोच आहे. (हेवी फ्युएलमध्ये थोडा असतो, पण तो किरकोळ.) एरवी तो कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण फ्लेमचं टेंपरेचर १८०० केल्विनच्या वर गेलं की ऑक्सिजनशी जुळायला लागतो आणि पुढे प्रत्येक शंभर डिग्रीला वेग भराभर वाढतो. झेल्डोविच (ही रिॲक्शन मांडणारा शास्त्रज्ञ) हे नाव घे, सरांना आवडतं. आणि टेंपरेचरइतकाच वेळ महत्त्वाचा. आपलं ८०-९० आरपीएमचं इंजिन गॅसला गरम राहायला भरपूर वेळ देतं, म्हणून तर १३० आरपीएमच्या खाली लिमिट सैल आहे आणि २००० आरपीएमला टिअर टू ७.७ वर येतं. हे कारण सांगितलंस की आकडे आपोआप जागेवर बसतात.

आता खरी गोम. सिलिंडरच्या आत नॉक्स कमी करायचा म्हणजे पीक टेंपरेचर पाडायचं, आणि पीक पाडलं की बहुतेक वेळा तेल जास्त जातं. इंजेक्शन उशिरा केलं, नॉक्स उतरला, कन्झम्प्शन वाढलं. २०११ ला टिअर टू आलं तेव्हा मालक लोक यावरूनच कुरकुरत होते. ईजीआरमध्ये एक्झॉस्टचाच काही भाग धुऊन, गार करून ब्लोअरने परत स्कॅव्हेंजमध्ये ढकलतात, ऑक्सिजन कमी होतो आणि सीओटू, वाफ उष्णता पितात. चांगलं आहे, पण काजळीचं पाणी साफ करत बसा. एससीआर वेगळं, ते म्हणतं तू आत हवं तसं जाळ, मी बाहेर निस्तरतो.

रसायन_ताई:
मी जहाजावरची नाही, कॅटॅलिस्टच्या कामात आहे, म्हणून तेवढंच सांगते. ४० टक्के युरियाचं पाणी गरम एक्झॉस्टमध्ये फवारतात, त्याचा अमोनिया होतो, आणि व्हॅनेडियम-टायटॅनियमच्या जाळीवर अमोनिया आणि एनओ (नॉक्समधला मुख्य वायू) मिळून साधा नायट्रोजन आणि पाणी. पेपरवरचा हिशोब कर: १४.४ वरून ३.४ वर यायचं म्हणजे दर किलोवॅट-तासाला ११ ग्रॅम नॉक्स मारायचा, त्याला सात ग्रॅमच्या आसपास युरिया, म्हणजे १८ ग्रॅम द्रावण. १०,००० किलोवॅटवर दिवसाला सव्वाचार टन! टँक एवढा मोठा का, ते यावरून कळेल.

बायपासचं कारण टेंपरेचरच. एक्झॉस्ट गार असताना फवारलंत तर युरिया नीट फुटत नाही, आणि सल्फरवालं तेल असेल तर अमोनियम बायसल्फेट बनून चिकट थर जाळीत बसतो. टू स्ट्रोकचा टर्बोनंतरचा गॅस आधीच गार, म्हणून तुमचा रिॲक्टर (कॅटॅलिस्टची पेटी) टर्बोच्या आधी. लोड उतरला की तिथली उष्णताही पुरत नाही.

जुना_चीफ:
ताई बरोबर. एकदा ऑक्झिलरी इंजिनवर कोणीतरी टेंपरेचर इंटरलॉक ओव्हरराइड करून डोसिंग चालू ठेवलं होतं. आठ दिवसांनी नॉझल काढला तर भोवती पांढरा दगड, मिठाच्या खड्यासारखा, मुठीएवढा. गरम पाणी ओतून आणि छिन्नीने फोडून काढला, रविवार गेला माझा.

आता कायदा. मेन इंजिनची नॉक्स टेस्ट चार लोडवर होते, १००, ७५, ५०, २५ टक्के, आणि सरासरीत त्यांचं वजन २०, ५०, १५, १५ टक्के. निम्मं वजन एकट्या ७५ ला! २५ च्या खाली पॉइंटच नाही. म्हणजे पोर्टजवळचं तुझं १०-१५ टक्के लोड परीक्षेच्या पोर्शनच्या बाहेर. टेक्निकल फाइल (इंजिनची नॉक्सची मंजूर फाइल) उघडून बघ, कुठल्या टेंपरेचरला बायपास होणार ते त्यात असतं, तसंच चालत असेल तर तुझा सेकंद चूक नाही. पण मला विचारशील तर ही मोठी फट आहे, स्लो स्टीमिंगच्या (तेल वाचवायला हळू चालवायच्या) काळात ७५ वर कोण चालवतंय?

मिरकरवाडा_बोट:
ओ चीफ, आमच्या ट्रॉलरला पण हे लावायला लागणार काय? युरिया तर शेतीचा मिळतो की गोणीत 😀

रसायन_ताई:
दादा, तो नका घालू! शेतीचा युरिया २०१५ पासून जवळपास सगळा नीमकोटेड, ते तेल आणि बाकीची घाण कॅटॅलिस्टला मारेल. मरीनचा युरिया वेगळ्या शुद्धतेचा असतो.

जुना_चीफ:
आणि हा नियम १३० किलोवॅटच्या वरच्या इंजिनांना, म्हणजे पावणेदोनशे एचपी. त्याच्या वर असलास तरी टिअर थ्री फक्त नॉक्ससाठी ठरवून दिलेल्या एरियात (बाल्टिकसारख्या), आणि भारताचा किनारा त्यात नाही. निवांत मासे मार.

कोकणी_थर्ड:
चीफ, मग स्क्रबर (धूर पाण्याने धुणारं यंत्र) असला तर?

जुना_चीफ:
स्क्रबर सल्फरसाठी. एनओ पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, धूर कितीही धू. आणि एक सापळा लक्षात ठेव, माझ्या पोरांना मी हाच टाकायचो. शिप २०१८ ची, ह्यूस्टनला टिअर थ्री हवं का? हवं, अमेरिकेच्या एरियात १ जानेवारी २०१६ पासूनची शिप धरतात. तीच शिप रॉटरडॅमला? नको, नॉर्थ सी आणि बाल्टिकला १ जानेवारी २०२१. तारीख कील (जहाजाचा कणा) ठेवल्याची बघतात, डिलिव्हरीची नाही, म्हणून तर २०१५ च्या डिसेंबरात यार्डांनी धपाधप कील ठेवून घेतल्या.

कोकणी_थर्ड:
अरे हो, आमची २०२१ नंतरचीच होती. एरियात शिरताना-निघताना लॉगबुकात टिअर आणि ऑन-ऑफ लिहायचो, तारीख, वेळ, पोझिशन सकट. वेळ शिपची की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), यावरून सेकंदशी दर वेळी वाजायचं.

जुना_चीफ:
एक धर आणि शेवटपर्यंत तीच लिही. खाडाखोड दिसली की सर्व्हेअर पुढची पानं उलटतो.