तुमच्या वावरात कोणाचा खून झाला होता का? (अनुभव लिहा)

नाल्याकाठची

परवा भावाचा फोन आला, विहीर उपसायला काढली म्हणे. नाल्याकडची. तव्यावरची पोळी तशीच करपली, मी पाहत राहिले.

आमचं वावर दारव्हा तालुक्यात. सोळा एकर. त्यातले नाल्याकडचे पाच एकर १९६१ पर्यंत एक कूळ वाहत होतं. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांची लेक अजून आहे, शेजारच्याच गावात. आमच्या घरात त्यांना 'नाल्यावरचे बाबा' म्हणायचे. त्या वर्षी संक्रांतीच्या रात्री ते तुरीत जागलीला गेले. सकाळी माळ्यावर घोंगडी होती, चिलीम होती, माणूस नव्हता. आम्हाला सांगितलं ते असं, की बायकोशी भांडले, शकुंतला रेल्वेत बसून मूर्तिजापूरला गेले आणि तिथून मुंबई. त्यांना गाडीत चढताना पाहिलं असं म्हणणारा एकही माणूस मला आजवर भेटला नाही.

विदर्भातल्या कुळांच्या नावावर जमिनी होणार होत्या ती तारीख १ एप्रिल १९६१. कुळकायदा आमच्याकडे १९५८ चा. हे मी पस्तिशी उलटल्यावर वाचलं आणि वाचलं त्या रात्री झोपले नाही. संक्रांत ते एप्रिल, अडीच महिने.

आजोबांनी ती विहीर कधी उपसू दिली नाही. ७२ च्या दुष्काळातही नाही. आजी त्या विहिरीचं पाणी देवाला घालायची नाही. मी आजोबांची फार लाडकी होते, पोळ्याला मला खांद्यावर बसवून बैलं दाखवायचे. तेच खांदे आठवतात आणि मग पुढचं काही सुचत नाही.

कोणाच्या घरच्या शेतीला असं काही चिकटलं आहे का? लिहा. मला एकटीला हे पेलत नाहीये.

रातपाळीचं ओलित

बाप्पा! आमच्याकडे या हप्त्यात थ्री फेज रातच्याले आहे. एकटाच भुईमुगात बसलो अन् हे वाचू राहिलो. आता मोटर बंद कराले विहिरीपाशी कोण जाईन?

आर्वीची सून

ताई, पोळी करपली तिथंच कळलं मला.

आमच्या सासरच्या वावरात धुऱ्यावर बोरीखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला सासूबाईंनी मला तिथं निवद ठेवायला लावला. कोणता देव म्हणून विचारलं तर म्हणाल्या, सालदार. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. खूप वर्षांनी चुलत सासऱ्यांनी सांगितलं, कापसाच्या गंजीवर राखणीला झोपलेला सालदार सकाळी मेलेला सापडला, डोक्यात घाव. गंजी जशीच्या तशी. म्हणजे चोर नव्हते. मग कोण? त्यावर सगळे गप्प. त्याच्या गावाचं नाव कोणाला सांगता येत नाही, त्याचंही नाही. दरवर्षी पुरणपोळी मात्र जाते. मी यंदा सासूबाईंना विचारणार आहे, घाबरत घाबरत का होईना.

कुकर झाला, नंतर येते.

धानाची बांधी

आमचं सिंदेवाहीकडे. वऱ्हाडात रयतवारी होती, आमच्याकडे मालगुजारी, म्हणजे गावाची जमीन आणि सारावसुली मालगुजाराकडे, ती १९५१ मध्ये संपली. त्याच्या काही वर्षं आधी आमच्या पणजोबांना तलावाच्या पाळीवर मारलं. ते मालगुजाराचे दिवाणजी होते, पाणीवाटप त्यांच्या हातात. रोवण्याच्या टायमाला पाऊस तटला होता आणि खालच्या बांध्यांना पाणी कोणाला आधी सोडायचं यावरून भांडण पेटलेलं. ज्याच्यावर संशय होता तो नंतर जंगलात गेला आणि वाघानं खाल्ला म्हणतात. तेही पाहिलं कोणीच नाही. आमच्या आजीला मरेपर्यंत वाटायचं की तो वाघ नव्हता, माणसंच होती.

तो मामा तलाव अजून आहे. गाळानं भरला, बेशरमाची झुडपं माजली, पाळ दोन ठिकाणी फुटली आहे. मासे चांगले निघायचे त्यात.

मोर्शीची संत्री

मामाचा तलाव आहे का तुमच्या? 😄

धानाची बांधी

नाही हो, माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली सगळीकडे आहेत. आमचा धान त्यांच्यावरच.

मोर्शीची संत्री

हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे नुसते बोअर. खाली खाली चालले. बगीचा वाळला की माणूस आधी पाण्यावरूनच भांडते, तुमच्या पणजोबांचं पटलं मला.

पूर्णाकाठ

लांब होईल, माफ करा.

आमच्या वावरात प्रेत सापडलं होतं. मारणारा कोण ते आजही माहीत नाही. पण प्रेत ज्याच्या पऱ्हाटीत सापडलं त्यानंच मारलं, एवढा सरळ हिशेब गावानं केला. मेलेला माणूस परगावचा, सरकीचा व्यापारी. आजोबांचा त्याच्याशी आदल्या बाजारी भावावरून वाद झालेला, चार लोकांनी ऐकलेला. बस. आजोबा अकरा महिने आत होते. अकोल्याला सेशन कोर्टात केस चालली. आजी दर तारखेला भाकर बांधून जायची, पोटात तेव्हा माझे बाबा. वकिलासाठी नऊ एकर विकलं. खारपाणपट्ट्यातलं कोरडवाहू, विहिरीचं पाणी खारं, भाव किती येणार? पडेल भावात गेलं.

आजोबा निर्दोष सुटले. वावर सुटलं नाही.

आता त्या वावरावरून रस्ता गेला आहे. एसटी तिथं आली की बाबा खिडकीतून मान वळवून दुसरीकडे पाहतात. साठी ओलांडली त्यांनी. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "ते आपलं वावर होतं, एवढं ध्यानात ठेव." मला राग येतो तो त्या न सापडलेल्या माणसाचा. त्यानं दोन घरं मारली.

आर्वीची सून

तुमच्या आजीचं वाचून रडू आलं. पोटुशी बाई आणि अकोल्याची तारीख.

रातपाळीचं ओलित

दादा, निर्दोष सुटल्यावर गावानं काही म्हटलं का आजोबाले?

पूर्णाकाठ

काही नाही. लग्नाच्या पंगतीत बोलवायला लागले परत, तेवढंच.

काळी माती

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलो, म्हणून एक सांगतो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात, त्यात वरची माती, काडीकचरा, विळा पडला तर विळाही खाली जातो. पावसात भेगा मिटतात, मग खालचं वर ढकललं जातं. दरवर्षी वेचूनही वावरात गोटे निघतातच ते त्यामुळे. म्हणजे जमिनीत पुरलेलं काही पुरलं त्याच जागी, त्याच खोलीवर राहत नाही.

विहिरीतला गाळ वेगळा. तो थरावर थर बसत जातो, सगळ्यात जुनं सगळ्यात खाली. म्हणून ताई, क्रेननं भसाभस उपसू नका. हळू काढा, आणि काही दिसलं तर हात न लावता तिथंच थांबा. पोलीस पाटलाला आणि ठाण्यात सांगा. हाडं जनावराची की माणसाची ते त्यांनाच ठरवू द्या.

मोर्शीची संत्री

पण साठ वर्षं झाल्यावर काय करणार पोलीस?

पटवाऱ्याचा लेक

खुनाच्या गुन्ह्याला मुदत नसते. साठ काय अन् शंभर काय, करणारा जिवंत नसला तरी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो, पंचनामा होतो. मेलेल्याला निदान नाव तरी मिळते.

ताई, माझे वडील पटवारी होते, बस्त्यांमध्येच वाढलो मी. तुमचं उत्तर विहिरीत असेल नसेल, पण कागदात नक्की असेल. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून दोन नकला काढा. एक, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, त्यात कूळ म्हणून त्यांचं नाव असलं पाहिजे. दुसरी, १९६१ ची फेरफार पंजी. नाव कोणत्या कारणानं कमी केलं ते तिथं लिहावंच लागते. कुळानं राजीखुशीनं जमीन सोडली असेल तर तसा लेखी राजीनामा आणि तहसीलदारासमोरचा जबाब पाहिजे. मेला असेल तर वारस लागतात, कारण कूळ मेलं तरी कुळाचा हक्क वारसांकडे जातो. आणि माणूस नुसता बेपत्ता असेल तर तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याप्रमाणे सात वर्षं काही खबर नसल्याशिवाय त्याला मेला धरता येत नव्हतं. त्या नोंदीत काय लिहिलं ते पाहा. पंच कोण, तेही.

नाल्याकाठची

दादा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. सोमवारी जाते.

धानाची बांधी

आमच्या पणजोबांचेही कागद असतील का कुठं? चंद्रपूरला?

पटवाऱ्याचा लेक

मालगुजारीचे जुने खसरे, म्हणजे शेतांच्या नोंदवह्या, जिल्ह्याच्या रेकॉर्डला मिळतात बऱ्याचदा. अर्ज करा, वाळवी लागायच्या आधी.

मोर्शीची संत्री

विषय निघाला म्हणून, फार्मर आयडीचं कोणाचं झालं का? आमच्या सातबाऱ्यावर अजून आजीचं नाव चालू राहिलं, वारसाची नोंद राहिली.

पटवाऱ्याचा लेक

आधी वारसफेर करून घ्या, मग ते. मेसेज करतो तुम्हाला.

नाल्याकाठची

आले जाऊन. दोन चकरा झाल्या.

१९५४-५५ च्या अभिलेखात त्यांचं नाव आहे. कूळ म्हणून, बापाच्या नावासकट. मी पहिल्यांदा त्यांचं पूर्ण नाव वाचलं. बोट ठेवून दोनदा वाचलं.

फेरफार पंजीतली नोंद फेब्रुवारी १९६१ ची. लाल शाईत. 'कूळ फौत. वारस नाही. कब्जा मालकाचा.'

माळ्यावर घोंगडी सापडली त्याला तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. बायको होती. लेक चार वर्षांची होती. पटवाऱ्याला ओवाळायला माणसं कमी नव्हती त्या गावात, पण एक बाई आणि एक पोरगी त्याला दिसली नाही. आणि मुंबईला गेलेला माणूस फौत, म्हणजे मेलेला, कसा?

पंच दोन. एकाचा अंगठा. दुसरी सही आमच्या आजोबांच्या थोरल्या भावाची. तेव्हा गावची पोलीस पाटीलकी त्यांच्याकडे होती.

काळी माती

तेव्हा पोलीस पाटीलकी वंशपरंपरेनं चालायची, १९६७ चा कायदा येईपर्यंत. म्हणजे ज्यानं ठाण्यात वर्दी द्यायची, तोच पंच.

आर्वीची सून

ताई.

पूर्णाकाठ

यात तुमचा दोष नाही एवढं तरी ऐका. पण तुम्ही त्या लेकीला भेटा. आमच्याकडे कोणीतरी असं येईल म्हणून आजी वाट पाहत गेली.

रातपाळीचं ओलित

भाऊ काय म्हणते तुमचा? वावर त्याच्याकडेच आहे ना?

नाल्याकाठची

भाऊ म्हणाला, कशाला उकरतेस, वावर गेलं तर खाऊ काय? त्याचंही खरं आहे, त्याच्या दोन पोरी शिकत आहेत. पण गाळ काढायचं काम त्यानं थांबवलं. मी ठाण्यात अर्ज दिला, त्यावर भावाची सही नाही. मोटेचं एक लाकडी चाक निघालं आहे आत्तापर्यंत, बाकी अजून बारा-पंधरा फूट गाळ आहे.

काल त्या मावशींकडे गेले. अडुसष्ट वर्षांच्या आहेत. ओळख सांगितली तर त्यांनी आधी पाणी दिलं. मी नक्कल पुढं केली. त्यांना वाचता येत नाही, नातवानं वाचून दाखवली. 'वारस नाही' आलं तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

मग खूप वेळानं म्हणाल्या, "तुही आजी दर संक्रांतीले आमच्या घरी पायलीभर तूर धाडे. नाल्यावरची. माह्या मायनं ते कदी शिजवली नाही. गाईले घाले."

आर्वीची सून

ताई, फोन उचला. मी करतेय.