रॉ पेशी ट्रॅपचा रंग घेतात, पण एकमेकींत मिसळत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
पुण्यात पीएचडी करतेय, विषय संधिवातातली हाडांची झीज. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) एकमेकींत मिसळून ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे अनेक केंद्रकांच्या, हाड खाणाऱ्या पेशी, बनवायच्या आहेत. उंदरांसाठी एथिक्स कमिटीची मंजुरी यायचीय, म्हणून तूर्त रॉ २६४.७ या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर भागवतेय. त्यांना एम-सीएसएफ (मॅक्रोफेज जगवणारं, वाढवणारं प्रथिन) वेगळं द्यावं लागत नाही, नुसतं रँकल (ऑस्टिओक्लास्ट बनायचा इशारा देणारं प्रथिन) पुरतं.

९६ वेलची प्लेट, अल्फा-एमईएम, १० टक्के सीरम, ५० नॅनोग्रॅम प्रति मिली रँकल, दिवसाआड मीडियम बदल. पाचव्या दिवशी ट्रॅप (ऑस्टिओक्लास्टची खूण असलेलं एन्झाइम) स्टेन केला की लालबुंद रंग येतो, पण बहुतेक पेशींत केंद्रक एकच! निदान ३ केंद्रकं असल्याशिवाय ऑस्टिओक्लास्ट म्हणून मोजता येत नाही. रँकल न दिलेला कंट्रोल कोरा आहे, म्हणजे रँकल काम करतंय.

गाइड म्हणतात, रँकल १०० कर. कुपीची किंमत बघता त्याआधी बाकीचं तपासावं म्हणते. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
पेशी किती टाकता ते लिहिलंच नाहीत. माझा संशय तिथेच. रॉ पेशी रँकल असतानाही वाढत राहतात, दाटी झाली की मिसळणं राहून जातं आणि मीडियम पिवळं पडतं. एकाच प्लेटमध्ये वेलमागे १, २, ५ हजार असं लावून बघा. पेशी कमी पॅसेजच्या (कमी वेळा नव्या प्लेटमध्ये हलवलेल्या) घ्या. सीरमचा लॉटही बदलून बघा, त्याने फार फरक पडतो. आणि चौथ्या दिवसापासून रोज मायक्रोस्कोपखाली बघा. मोठ्या पेशी तयार झाल्यावर लवकर मरतात, पाचव्या दिवसापर्यंत गेलेल्याही असतील.

प्रतिसाद २
+१. मंजुरी आली की उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशींवर आयएल-३ (इंटरल्यूकिन-३, पेशींना संदेश देणारं प्रथिन) चा एक कंट्रोल ठेवा. आपल्या पुण्यातल्या एनसीसीएसमध्येच (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) २००३ साली दाखवलंय की आयएल-३ मुळे पूर्वपेशी मॅक्रोफेजच्या वाटेला लागतात आणि परत फिरत नाहीत.

धागाकर्ती
वेलमागे १० हजार टाकत होते. उद्याच ३ घनता लावते.
अजून एक. पुढे ऑस्टिओक्लास्टनी हाडात पाडलेले खड्डे मोजायला हाडाच्या चकत्या लागतील. पेपरांत हस्तिदंत नाहीतर गाय-बैलाचं हाड असतं, इथे दोन्ही बाद. म्हशीच्या हाडाच्या पातळ चकत्या पुण्यात कुणी कापून देतं का?